कोयना धरणाचे सांत-घटक विश्लेषण

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या भूकंपकालीन वर्तनाचा संगणकीय अभ्यास. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात हे १०३ मी. उंचीचे धरण कोसळले नाही; मात्र पायापासून सु. ६६ मी. उंचीवर, जेथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तेथे काही उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. पुढे त्या खंडांना काँक्रीटचे धिरे देण्यात आले. कोयना कराडला कृष्णेस मिळते व कृष्णा सांगलीवरून जाते. तेव्हा भेगा किती खोल, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हता.

अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात धरणाचा छेद लहान घटकांच्या जाळीत विभागला होता. काँक्रीटला न पेलणारे ताण-प्रतिबल नेमके उतार बदलतो त्याच भागात आढळले. पुढे हा छेद जगभर भेग-गणिताची कसोटी ठरला.

जाळी जितकी बारीक तितके उत्तर अचूक, हा समज मात्र येथे टिकत नाही. काँक्रीट निव्वळ स्थितिस्थापक मानल्यास, घटक लहान करावेत तसे उताराच्या आतल्या कोपऱ्यातील प्रतिबल वाढतच जाते. भेग गणितात घेतल्यास, ती पडण्यास लागणारी ऊर्जा घटकाच्या आकाराबरोबर घटते व धरण अकारण ठिसूळ ठरते. बाझांट व ओह यांनी १९८३ मध्ये या ऊर्जेची सांगड घटकाच्या रुंदीशी घातल्यावर हा दोष बराच आटोक्यात आला. घटकांच्या कडांच्या दिशेने भेग वळण्याची खोड मात्र उरली. म्हणून कोपऱ्याजवळ जाळी क्रमाने दाट करतात, चेपलेले घटक टाळतात आणि निरनिराळ्या जाळ्यांवरील उत्तरे प्रत्यक्ष भेगांशी ताडून पाहतात.