शब्द आणि पंचेंद्रियें

काव्यांतील कल्पना डोळ्यांना दिसावी, हाताला लागावी, हा विचार आपल्याकडे इंग्रजी विद्येबरोबर आला, असें आमच्या विद्यार्थिदशेंत सर्वजण धरून चालत. आम्ही कीट्सचें काव्य वाचून तो शिकलों आणि पुढें कित्येक वर्षें वर्गांत तोच सांगत आलों. आमच्या टिपणांतील तें वाक्य आम्हांस अखेर खोडावें लागलें. कां, तें येथें सांगावयाचें आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ त, म्हणजे इ. स. १२९० त, सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीं कवीनें मराठीविषयीं केलेली प्रतिज्ञा शाळेंतील मुलांनाही पाठ असते. तिच्या पुढच्या ओव्यांकडे मात्र सहसा कोणी वळत नाहीं. तेथें शब्दाच्या गोडीनें कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांमध्यें भांडण लागतें. शब्द हा वस्तुतः कानाचा विषय. पण जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला त्यांत परिमळ येतो, डोळ्यांना रूपाची खाण उघडल्यासारखें वाटतें, आणि बाहू तर आलिंगनालाच पुढें सरसावतात. एकटा सूर्य साऱ्या जगाला जागें करतो, तसा एकटा शब्द या सर्वांची सारखीच समजूत घालतो. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सांगावयास बसलेला कवि प्रथम इंद्रियांचें हें भांडण मिटवितो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

यांत स्वभाषास्तुतीचा भाग आहेच. पण बोलल्याप्रमाणें करून दाखविलें आहे काय, हें पाहावयाचें तर तेरावा अध्याय उघडावा. गीतेंत ‘अहिंसा’ हा एकच शब्द आहे. त्यावर येथें शंभराहून अधिक ओव्या झाल्या आहेत. अहिंसक पुरुष चालतो कसा? पाण्यांत बगळा हलकेच पाऊल टाकतो तसा. कमळावर भुंगा केसर दुखावेल या शंकेनें पाय ठेवतो तसा. नीतीचा एक अमूर्त शब्द तळपायाला जाणवूं लागतो. हें कीट्सच्या जन्मापूर्वीं पांच शतकें घडलेलें आहे.

पुढें एकनाथांनीं शके १५०६ त, म्हणजे १५८४ त, हा ग्रंथ शुद्ध केला, आणि यांत कोणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटांत ठेवलेली नरोटी होईल, असें बजावलें. संपादकाची ताकीद, पण तीही जिभेच्या भाषेंत! पंडित कवींच्या काळीं कानाचें राज्य वाढलें. यमकानुप्रासांच्या घोषांत बाकीच्या इंद्रियांची दाद लागेना. राजवाड्यांनीं १९०९ त जुनी संहिता छापली, तेव्हां अभ्यासकांचें लक्ष पुन्हा एकेका शब्दाकडे वळलें. पण तें मुख्यतः व्याकरणासाठीं.

त्या भुंग्याच्या ओवींत कवीनें योजिलेलें क्रियापद ‘कुचुंबणें’ हें आहे. चिरडणें फार झालें असतें, दबणें अपुरें पडलें असतें. आज तो शब्द उरला आहे बहुधा मनाच्या कुचंबणेपुरता. मध्यंतरीं आम्हीं वर्गांत त्याचा अर्थ विचारला. मुलांनीं नोकरीची सांगितली, संसाराची सांगितली. फुलाची कोणीही सांगितली नाहीं. दोष त्यांचा कसा म्हणावा? टिपणें आमचींच होतीं.