लोखंडाचा इतिहास आणि घण मारणारे हात

१

कोणत्याही शस्त्रसंग्रहालयात जा. तलवार, कट्यार, पट्टा, भाला काचेआड मांडलेले असतात. खाली पाटी असते. पाटीवर राजाचे किंवा सरदाराचे नाव असते, शतक असते, मुठीवरच्या सोन्याच्या कामाचे कौतुक असते. पाते ज्याने घडवले त्याचे नाव बहुधा नसते. आणि खुरपे, विळा, कोयता, चांभाराची रापी ही हत्यारे तर त्या काचेआड क्वचितच पोचतात. या देशात ज्या लोखंडाने माणसे मारली त्याला इतिहास आहे. ज्या लोखंडाने माणसे जगवली त्याला इतिहास नाही.

दिल्लीचा लोहस्तंभ घ्या. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा. त्यावरच्या लेखात चंद्र नावाच्या राजाच्या विजयाचे वर्णन आहे. एवढे लोखंड ज्यांनी तापवले, ठोकले, जोडले, त्यांच्याविषयी त्या लेखात एक अक्षर नाही. तरीही ‘आमच्या पूर्वजांचे विज्ञान’ म्हणून त्या स्तंभाकडे बोट दाखवले जाते. प्रश्न एवढाच आहे : हे पूर्वज कोणाचे? ज्यांनी लेख लिहिला त्यांचे, की ज्यांनी स्तंभ घडवला त्यांचे?

लेखणी ज्यांच्या हाती नव्हती त्यांचा इतिहास शोधायचा तर पोथी उपयोगी पडत नाही. तिथे वस्तूलाच बोलते करावे लागते. गेल्या काही दशकांत त्यासाठी एक मार्ग पुढे आला आहे. जुने हत्यार जुन्याच पद्धतीने पुन्हा घडवून पाहणे. तसेच खनिज, तसाच कोळसा, तसाच भाता. आणि मग नवे पाते व जुने पाते सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवणे. शोभेची नक्कल करणे वेगळे आणि अशी प्रतिकृती घडवणे वेगळे. नक्कल डोळ्यांना फसवते. प्रतिकृती फसली तर आपले अज्ञान उघडे करते, आणि साधली तर मेलेल्या कारागिराची साक्ष नोंदवून घेते.

२

दख्खनच्या पोलादाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कन्नड-तेलुगू मुलखात त्याला ‘उक्कु’ म्हणत. युरोपीय कानांनी त्याचे ‘वूट्झ’ केले. मराठीत अशा कडक लोखंडाला ‘तिखे’ हा जुना शब्द आहे. तमिळनाडूतील कोडुमणल येथील उत्खननात या विद्येचा माग दोन हजार वर्षांहून मागे जातो. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम् हे गाव पुढे या पोलादाचे मोठे केंद्र होते. तिथून माल न्यायला इराणचे व्यापारी येत. ज्यांना जग ‘दमास्कसच्या तलवारी’ म्हणते त्यांतील अनेकांचे पोलाद दख्खनच्या मुशीतले आहे. नाव मात्र बाजाराच्या गावाचे लागले, भट्टीच्या गावाचे नाही.

कृती सांगायला सोपी. भाताचे तूस मिसळलेल्या मातीची लहान मूस करायची. तीत भट्टीतून काढलेल्या लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची हिरवी पाने घालायची. तोंड मातीने लिंपायचे. वीस-चोवीस मुशी एका भट्टीत रचून अडीच-तीन तास अखंड भाता चालवायचा. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात मुरतो, लोखंड वितळते, आणि मूस फोडली की आत पोलादाचा गोळा मिळतो. सांगायला सोपी, पण किती पाने, किती वारा, कोणत्या रंगाला थांबायचे, हे कुठल्याच ग्रंथात नव्हते. ते डोळ्यांत आणि मनगटात होते.

१७९० च्या दशकात मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याचा त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला; त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनते असे म्हटले आहे. मुंबई हे जहाजात माल चढवण्याचे ठिकाण होते. पोलाद आतल्या मुलखातले होते. पाठवणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्याचे नाव, बंदराचे नाव नोंदले गेले. बनवणाऱ्याचे नाव विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

पुढे मायकेल फॅरेडेने हे पोलाद हाती घेतले. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. १८१९ च्या सुमारास त्याने जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-शस्त्रे बनवणाऱ्या कारागिराबरोबर वूट्झची परीक्षा केली. त्याचा तर्क ॲल्युमिनियमच्या अंशाकडे गेला, आणि तो चुकला. पॅरिसच्या टाकसाळीतल्या ब्रेआँ याने शेकडो प्रयोग करून कार्बनचे महत्त्व ओळखले. रशियात ॲनोसॉव्हने वर्षानुवर्षे खपून १८४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दख्खनच्या खेड्यात मातीच्या मुशीत जे होत होते ते समजून घ्यायला युरोपच्या प्रयोगशाळांना अर्धे शतक लागले. युरोपीय लोहार या पोलादाला आपल्या सवयीने पांढरेशुभ्र तापवीत आणि घणाखाली ते फुटे. त्याला कमी आचेवर, लाल रंगावरच, धीराने ठोकावे लागते.

पण त्या पात्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी? ती का उमटते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. अमेरिकेतील आयोवाच्या विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि फ्लोरिडातील लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून मुशीत लोखंड, कोळसा, काच आणि हिरवी पाने घालून पोलाद केले, पाती ठोकली आणि जुन्या तलवारींच्या तुकड्यांशी ताडून पाहिली. १९९८ साली त्यांनी दाखवून दिले की व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश, दहा लाखांत चाळीस भाग इतकासुद्धा, पोलादात असला आणि पाते पुन्हापुन्हा तापवून थंड केले, तर कार्बाइडचे कण पट्ट्यापट्ट्यांनी जमतात आणि नक्षी उमटते. ठराविक खाणींच्या खनिजात तो अंश होता. खनिज बदलले आणि नक्षी हरवली, असे त्यांचे मत आहे.

या कथेतली एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घेतली पाहिजे. तिकडे शास्त्रीय निबंधावर प्राध्यापकाच्या नावाबरोबर लोहाराचे नाव छापले गेले. आणि त्याच दोघांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अशी पाती बनवण्याच्या रीतीवर अमेरिकेत पेटंटही घेतले होते. एका बाजूला कारागिराचा सन्मान, दुसऱ्या बाजूला ज्या दख्खनच्या लोहारांनी शतकानुशतके हीच विद्या राबवली त्यांच्या वारसांचा त्या कागदावर मागमूस नाही. परक्यांना दोष देण्याआधी आपण स्वतःला विचारावे : इथल्या किती प्राध्यापकांनी लोहाराला सहलेखक केले?

३

ही विद्या नुसत्या खनिजाच्या बदलाने मेली नाही. विलायतेचे स्वस्त लोखंड बाजारात आले. १८५६ मध्ये बेसेमरने पोलादाची नवी रीत काढली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाची दारे बंद होत गेली, आणि कोळशावाचून भट्टी पेटत नाही. आपल्या सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या परिसरात, खनिज गाळून लोखंड काढणारे धावड होते. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. जळण महागले, रान बंद झाले आणि धावडांची भट्टी विझली. ज्यांच्या हाती ती विद्या होती ते मजूर झाले.

विदर्भात तर हा वारसा याहून जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली; ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानतात. माहुरझरी, टाकळघाट-खापा येथील शिलावर्तुळांत कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम मिळाले. तिथल्या चपट्या कुऱ्हाडींना दांडा पक्का बसावा म्हणून आडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. अशी एक कुऱ्हाड त्याच रीतीने पुन्हा घडवून पाहिली तर काय कळेल? किती पाट्या कोळसा लागला, भात्यावर किती जण आळीपाळीने बसले, एका कुऱ्हाडीसाठी किती दिवसांचे श्रम गेले. राजांच्या वंशावळीतून हे कधीच कळणार नाही.

४

आता मुख्य मुद्दा. एक साधा विळा गावगाड्यात कसा घडत होता? लोखंड धावडाचे. कोळसा लोणाऱ्याचा. भात्याचे कातडे ढोराने कमावलेले, चांभाराने शिवलेले. घडण लोहाराची. घिसाड्याच्या पालावर पाहा, घण बाईच्या हातात असतो. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि ती पोटाला मूल बांधून घण घालते. आणि तो विळा घेऊन दुसऱ्याच्या शेतात राबायला महार, मांग. एका पात्यात इतक्या जाती वितळलेल्या असतात. पण पाणवठ्यावर त्या वेगळ्याच राहिल्या. कातड्यावाचून लोहाराची आग पेटत नव्हती, तरी ते कातडे कमावणारा लोहारालाही अस्पृश्यच होता. हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच पायरीपायरीने तोडते. विळ्याचा इतिहास हा त्याचा पुरावा आहे.

म्हणूनच प्रतिकृतीतून काय गळते तेही पाहिले पाहिजे. आजचा हौशी कारागीर विजेच्या पंख्याने भट्टी फुलवतो. पाते हुबेहूब होते. पण भात्यावरचा माणूस, कातड्याचा वास, घण मारणारी बाई प्रतिकृतीत येत नाही. वस्तूची प्रतिकृती करता येते, संबंधांची करता येत नाही. ते लिहून ठेवावे लागतात. ते काम आपले आहे.

आणि एक सावधगिरीही हवी. पारंपरिक विद्येचा गौरव करता करता परंपरागत धंद्याचा गौरव सुरू होतो. २०२३ साली केंद्र सरकारने लोहार, शस्त्रकार, चर्मकार यांच्यासह अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. अवजारांना पैसा मिळाला, कर्ज मिळाले, तर कोणी नको म्हणणार नाही. पण ‘कौटुंबिक परंपरा’ या गोड शब्दाआड बापाचा घण मुलाच्या हाती देण्याची जुनी सक्ती लपू नये. अमेरिकेतला माणूस लोहारकाम निवडतो. घिसाड्याच्या मुलाला ते निवडावे लागत नाही. ते त्याच्या जन्माबरोबर येते, आणि त्याबरोबर येते पाल, भटकंती आणि अर्धी राहिलेली शाळा. फरक घणात नाही, निवडीत आहे.

आपली मागणी म्हणून दुहेरी असली पाहिजे. विद्येचा मान हवा, आणि जातीच्या धंद्यातून सुटका हवी. या दोहोंत विरोध नाही. घिसाड्याच्या मुलीने धातुशास्त्र शिकावे, नायकुंडच्या भट्टीची राख तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, आणि तिची आजी घण कसा धरीत असे हे तिनेच शास्त्रीय निबंधात लिहावे. आणि ज्याला कोणाला घण उचलायचा असेल, तो कोणत्याही जातीचा असो, त्याने खुशाल उचलावा.

शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना एक काम सुचवतो. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या कारागिरांकडे वही घेऊन बसा. रापीला पाणी कसे देतात, कोणत्या रंगावर लोखंड पाण्यात बुडवतात, भात्याला कोणते कातडे लागे, मोबदल्यात किती पेंढ्या मिळत आणि कोणाच्या दारात उभे राहावे लागे, हे सगळे लिहून घ्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव लिहा. दिल्लीच्या स्तंभावर जे राहून गेले, ते निदान आपल्या वहीत राहून जाऊ नये.