जुन्या लिनक्सचा कर्नल बदलावा का?

मुरबाड तालुक्यातल्या म्हसासारख्या गावात जुना संगणक लिनक्सवर नीट चालत असेल, तर त्याला हात लावायला कोणी धजत नाही. बिघडला तर दुरुस्तीसाठी मुरबाड किंवा कल्याण गाठावं लागतं. भीती रास्त आहे, पण अर्धीच.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याचा नंबर जुना म्हणजे तो असुरक्षित, असं नसतं. डेबियन १२ मधला ६.१ कर्नल डिसेंबर २०२२ चा. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच मालिकेत येत राहतात. त्या घ्यायच्याच. ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती, दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. तिच्यामुळे साध्या युजरला ॲडमिनचे अधिकार मिळवता येत.

थेट नव्या मालिकेवर उडी मारणं वेगळं. सपोर्ट संपला असेल किंवा नवं वाय-फाय डोंगल ओळखलं जात नसेल, तरच ती मारावी. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालेलच असं नाही. ३२ बिट प्रोसेसर असेल तर डेबियन १३ चा मार्गच बंद. त्यात तसा कर्नल नाही. डेबियन १२ ला मात्र जून २०२८ पर्यंत मुदत आहे.

अपडेटआधी बॅकअप घ्या आणि वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. जुना कर्नल काढू नका. नवा अडला, तर सुरू होताना ग्रब मेनूतून जुना निवडता येतो.