हिंगोलीच्या गोठ्यातला गाभणकाळ

गाय फळली की नाही, हे हिंगोलीच्या गोठ्यांत पूर्वी एकाच गोष्टीवरून ठरे: साधारण २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते का. हा मुलूख लाल कंधारी आणि देवणी जनावरांचा. आधी निजामाच्या राज्यात, मग परभणी जिल्ह्यात आणि १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ठोकताळा तोच राहिला. त्यामागचे कारण विसाव्या शतकात उलगडले, तेही सशांवर. १९०३ मध्ये जर्मनीतील लुडविग फ्रँकेल यांनी दाखवले, की बीजांडकोशावरचा पीतपिंड नष्ट केला तर गर्भ टिकत नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी त्याच पिंडाच्या अर्काने गर्भ टिकवला. १९३४ मध्ये त्यातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले.

प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचे स्नायू शांत राहतात, आतल्या ग्रंथी गर्भाला पोसणारा रस स्रवतात आणि गर्भाशयाचे तोंड चिकट बोळ्याने बंद होते. गर्भ नसेल तर गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड मोडते आणि माज परततो. गर्भ असेल तर सोळाव्या दिवसाच्या आसपास तो एक प्रथिन सोडून ही मोडतोड थांबवतो. शेतकऱ्याच्या साधारण २१ दिवसांमागे हे कारण होते.

पीतपिंडाची गरज जनावरागणिक वेगळी: मेंढीत साधारण पन्नास दिवसांनंतर वारच प्रोजेस्टेरॉन पुरवते. शेळी मात्र पाचही महिने पीतपिंडावर विसंबते, म्हणून प्रोस्टाग्लँडिनच्या चुकीच्या इंजेक्शनने ती केव्हाही गाभडते.

गाईचे सुमारे २८० किंवा म्हशीचे ३१० दिवस भरत आले की सूत्रे पोटातल्या वासराकडे जातात. त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते. त्यामुळे आईचे प्रोजेस्टेरॉन घसरते, इस्ट्रोजेन चढते. रिलॅक्सिनच्या जोडीने शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडचे बंध सैल पडून खड्डे दिसतात, कास भरते, बोळा वितळून चिकट स्राव लोंबतो. खड्डे पडले की जनावर आज-उद्या विणार, हे गुराखी पोरेही सांगत. पुढच्या कळा ऑक्सिटोसिन आणि प्रोस्टाग्लँडिनच्या.

व्याल्यावर बारा तासांत वार पडली नाही तर बांबूचा पाला खाऊ घालत.  लोंबत्या वारेला दगड बांधणे घातक, कारण त्याने गर्भाशयाला इजा होते. १९७२ मध्ये परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि या भागाला शिकलेले पशुवैद्य जवळ मिळू लागले. दोन-तीन महिन्यांची गाभण ते आजही गुदमार्गातून हाताने चाचपून सांगतात.