आकाशगंगेच्या फुगवट्यातील बिंबाभ्रिका : शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस आपले बाह्य थर अवकाशात टाकतो. उरलेल्या उष्ण गाभ्याच्या अतिनील किरणांनी उजळलेल्या या वायूस बिंबाभ्रिका म्हणतात. १७८० च्या दशकात विल्यम हर्शेल यांनी ग्रहासारख्या वाटोळ्या रूपावरून या प्रकारास नाव दिले. ग्रहांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील बिंबाभ्रिकांची ज्ञात संख्या निरीक्षणपद्धतीनुसार कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोधाचे टप्पे :
१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना अशा अभ्रिकेच्या वर्णपटात सलग पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या व तिचे वायुरूप सिद्ध झाले. त्यांतील अनोळखी हिरव्या रेषा द्विआयनीभूत ऑक्सिजनच्या असल्याचे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले.

या रेषांमुळे बिंबाभ्रिका ताऱ्यांच्या गर्दीतून वेगळ्या काढता येऊ लागल्या. तथापि फुगवट्याच्या दिशेला, धनू राशीत, दाट धूळ आहे. धूळ हिरवा प्रकाश अधिक व तांबडा प्रकाश तुलनेने कमी अडविते. १९४० च्या दशकात रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी माउंट विल्सन येथे दूरदर्शकापुढे लोलक बसवून हायड्रोजनची तांबडी रेषा टिपली. तेव्हा केंद्राच्या दिशेला अनेक नव्या बिंबाभ्रिका आढळल्या. पेरेक व कोहौटेक यांच्या १९६७ च्या सूचीत संपूर्ण आकाशगंगेतील हजाराहून अधिक नोंदी होत्या. पुढे ऑस्ट्रेलियातील तांबड्या रेषेच्याच सर्वेक्षणातून २००६ मध्ये आणखी ९०३ नोंदींची सूची प्रसिद्ध झाली.

अभ्यासातील महत्त्व :
बिंबाभ्रिकेचे अंतर ठरविणे ही जुनी अडचण होय. फुगवट्यातील बिंबाभ्रिका मात्र साधारण एकाच, सुमारे २६,००० प्रकाशवर्षे अंतरावर असल्याने त्यांचे खरे आकारमान व तेजस्विता काढता येते. वाटेतील जवळच्या बिंबाभ्रिका वगळण्यासाठी केंद्रापासून १० अंशांच्या आतील व २० विकलांहून लहान अभ्रिकाच सामान्यतः निवडल्या जातात. अशा १३० बिंबाभ्रिकांच्या अभ्यासात रीस व झिल्स्ट्रा यांना २०१३ मध्ये द्विध्रुवी अभ्रिकांचे लांब अक्ष आकाशगंगेच्या प्रतलाकडे झुकलेले आढळले. २०२३ च्या संशोधनाने या संरेखनाचा संबंध निकटच्या जोडताऱ्यांशी जोडला.

निष्कर्ष :
प्रत्येक सूचीवर तिच्या काळातील साधनांची मर्यादा उमटलेली दिसते. म्हणून सूचीतील संख्येवरून फुगवट्यातील ताऱ्यांविषयी अनुमान काढताना धुळीआड राहिलेल्या अभ्रिकांचा हिशेब धरणे अगत्याचे ठरते.