जिव्हाळीच्या अलीकडे

मंडळी, मॅग्ना कार्टा आपण सगळेच शाळेत शिकलो. सन १२१५, इंग्लंडचा राजा जॉन, रनीमीडचं कुरण वगैरे. मी तर तो वर्षानुवर्षं शिकवलाही. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ नोव्हेंबर १२१७ रोजी, तिथे आणखी एक सनद निघाली, तिच्याविषयी वर्गात बोलायची वेळ कधी आली नाही. तिचं नाव चार्टर ऑफ द फॉरेस्ट, म्हणजे अरण्याची सनद. तिचं सहावं कलम चक्क कुत्र्यांच्या नखांबद्दल आहे!

त्या काळी इंग्लंडात 'फॉरेस्ट' म्हणजे नुसती झाडी नव्हे. राजाने शिकारीसाठी राखून ठेवलेला मुलूख तो. त्यात गावं होती, शेतं होती, माणसं राहत होती. हरणं मात्र राजाची. शेतकऱ्याने घर राखायला मोठा मास्टिफ कुत्रा पाळला आणि तो हरणामागे धावला तर? यावर राजाने उपाय काढला. कुत्रा ठेवा, पण त्याला धावता येणार नाही असं करा. दुसऱ्या हेन्रीच्या ११८४ च्या अरण्यकायद्यात तसा स्पष्ट हुकूमच आहे. पुढच्या पायाची तीन नखं तोडायची. कुत्रा भुंकू शकेल, दारात उभा राहू शकेल, पण हरीण गाठू शकणार नाही.

ही नखं कापायची नव्हती, तोडायची होती. जॉन मॅनवुड नावाच्या कायदेपंडिताने १५९८ मध्ये अरण्यकायद्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात याची रीत दिली आहे. आठ इंच जाड आणि फूटभर लांबरुंद लाकडी ठोकळ्यावर कुत्र्याचा पाय ठेवायचा, दोन इंच रुंदीची छिन्नी तीन नखांवर धरायची आणि मोगरीच्या एकाच घावात ती उडवायची. वाचताना अंगावर काटा आला.

मग १२१७ च्या सनदेने काय केलं? राजा तिसरा हेन्री तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. त्याच्या नावाने कारभारी विल्यम मार्शल आणि पोपचा प्रतिनिधी ग्वाला यांनी सनदेवर आपल्या मोहरा उठवल्या. ठरलं ते असं: कुत्र्यांची पाहणी दर तीन वर्षांनीच व्हावी, तीही भल्या माणसांच्या साक्षीने. ज्याच्या कुत्र्याची नखं शाबूत सापडतील त्याने तीन शिलिंग दंड भरावा, पण यापुढे त्यापायी कुणाचा बैल ओढून नेऊ नये. आणि तोडायची ती तीन नखंच, तळव्याच्या गादीला हात लावायचा नाही. म्हणजे सनदेत बैल वाचला, कुत्रा नाही. तरीही त्या गावकऱ्यांना हा केवढा दिलासा वाटला असेल! अधिकाऱ्यांच्या मनमानीला कुठेतरी कुंपण पडलं होतं.

न्यू फॉरेस्टमधल्या लिंडहर्स्टला एक मोठी लोखंडी रिकीब जपून ठेवलेली आहे. परंपरा सांगते की त्या रिकिबीतून जो कुत्रा पलीकडे जाई, त्याची नखं वाचत. तिला विल्यम रूफस राजाचं नाव चिकटलंय, पण ती त्याच्या बऱ्याच नंतरची आहे.

हे सगळं वाचत बसण्याचं निमित्त म्हणजे लेकीकडचा मोती. म्हातारा झालाय, बाहेर फारसा जात नाही, आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर नखं झिजत नाहीत. नखं वाढली की ती जमिनीला टेकतात, बोट वर रेटलं जातं, कुत्रा वजन मागे टाकून चालायला लागतो आणि हळूहळू सांधे दुखू लागतात. अंगठ्याचं नख तर चालताना जमिनीला लागतच नाही. ते गोल वळून मांसात रुतू शकतं.

नखाच्या आत रक्त आणि संवेदना असलेला जो भाग असतो, त्याला आपल्याकडे जिव्हाळी म्हणतात. जिव्हाळा त्याच घरातला शब्द. कापायचं ते जिव्हाळीच्या अलीकडे. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून अगदी पातळ पातळ चकत्या काढायच्या आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं कापत राहिलं, तर जिव्हाळीही मागे सरकते.

मला राहून राहून वाटतं, कुत्रा कशाच्या बळावर धावतो हे त्या छिन्नीवाल्यांना नेमकं ठाऊक होतं. गादी सोडा, नखं तोडा, ही बारकाई अज्ञानातून येत नाही. तेच ज्ञान आज मोतीचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या लेकीकडे आहे.

१९७१ साली ब्रिटिश संसदेने ते जुने अरण्यकायदे रद्द केले, त्यांबरोबर ही सनदही गेली. २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे इंग्लंडात आज कुणी असा पाय तोडला तर तो गुन्हा ठरतो.

असो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी एवढंच करावं. रात्री घर शांत झालं की त्याला फरशीवर चालू द्या आणि कान द्या. टकटक आवाज आला तर नखं वाढली आहेत. स्वतः कापायचा धीर होत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.