माहीमचे सेंट मायकल चर्च

देवालय कोणाचे? राजाचे, धर्माधिकाऱ्याचे, की तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकणाऱ्या भाविकांचे? मुंबईच्या माहीम या जुन्या उपनगरातील सेंट मायकल चर्चच्या इतिहासात हा प्रश्न एकदा अक्षरशः दारावर येऊन धडकला.

या चर्चचा आरंभ परंपरेने १५३४ चा मानतात. त्याच वर्षी वसईचा प्रदेश व मुंबईची बेटे गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी येथे उपासना सुरू केली. पुढे १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या हाती आली. राज्य पालटले, पण पाद्री पोर्तुगीजच राहिले. अखेर १७२० मध्ये इंग्रजांनी त्यांना बेटाबाहेर घालविले आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंच्या हाती चर्चे सोपविली.

येथून कलहाचे बीज पडले. हिंदुस्थानातील चर्चांवर बिशप नेमण्याचा जुना अधिकार पोर्तुगालच्या राजाचा. रोम मात्र आपले प्रतिनिधी थेट पाठवू लागले. १७९४ मध्ये मुंबईची चर्चे या दोन पक्षांत वाटली गेली. धर्म एक, उपासना एक, प्रार्थनाही एकच. परंतु आज्ञा कोणाची मानावयाची, यावरून शेजारी शेजाऱ्याला दुरावला.

१८५३ मध्ये माहीमच्या काही भाविकांनी गोव्याच्या पक्षाकडे जाण्याचे ठरविले. तेव्हा रोमचे प्रतिनिधी बिशप हार्टमन हे आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये शिरून दारे लावून बसले. प्राण गेला तरी चर्च सोडणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. सुमारे पंधरा दिवस वेढा चालला. शेवटी मुलकी अधिकाऱ्यांनी दारे उघडविली आणि चर्च विरुद्ध पक्षाकडे गेले.

ही दुही मिटण्यास १९२८ चा करार व्हावा लागला. नंतर १९४८ मध्ये येथे बुधवारची नोव्हेना सुरू झाली. तिला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशीही येऊ लागले. कोणी मेणाचे घर वाहतो, कोणी मेणाचे बाळ. आजची वास्तू १९७३ मधील आहे.

ज्या दारांना एकदा आतून अडसर पडले, तेथे आता आज्ञा कोणाची मानतोस, असे कोणी कोणास विचारीत नाही. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर बुधवारची ही गर्दीच देत असते.